भिंतीतला पिंपळ आणि विंध्यातलं रान

काशीत पिंपळ लावावा लागत नाही, काढावा लागतो. पंचगंगा, दुर्गा, ब्रह्मा या घाटांच्या वरच्या अंगाला जी दाट वस्ती आहे तिला इथे पक्का महाल म्हणतात. पेशवाईच्या काळात येऊन स्थिरावलेल्या मराठी घरांपैकी एका घरात मी लग्न होऊन आले आणि मुलींना वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता इथलीच झाले. आमच्या वाड्याच्या मागच्या भिंतीत पिंपळाची रोपं फुटायची. सासूबाई त्यांना स्वतः हात लावत नसत. गवंड्याला बोलवायच्या, रोपाला नमस्कार करायच्या आणि मग ते उपटायला सांगून आत निघून जायच्या. पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या सांध्यातून दुसरं रोप डोकावायचं. मुळं आत गेली की दगड फोडतात, त्यामुळे काढणं भागच असतं. पण हे रोप तिथे, जमिनीपासून दोन मजले वर, कुणी आणून ठेवलं, हा प्रश्न मी वर्गात दरवर्षी विचारत आले आणि उत्तर बहुतेक वेळा एकच आलं: वाऱ्याने.

वाऱ्याने नव्हे, पक्ष्यांनी. काशीच्या घाटांवर, देवळांच्या शिखरांवर, जुन्या कोटांच्या कंगोऱ्यांवर जे पिंपळ, वड आणि उंबर तुम्हाला दिसतात त्यांतले बहुतेक पक्ष्यांनी पेरलेले आहेत. सारनाथला मूलगंधकुटी विहाराजवळ एक बोधिवृक्ष आहे. 1931 साली विहार उभा राहिला त्या सुमारास श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या प्राचीन पिंपळाचं रोप आणून तो लावला. माणसाच्या हातांनी समुद्र ओलांडून आणलेला तो एक पिंपळ. बाकी शेकडो पिंपळ तांबटांनी, कोकिळांनी, साळुंक्यांनी आणि बुलबुलांनी लावले, आणि त्यांच्या नावाचा दगड कुठेच नाही.

पिंपळाचं बी पाहिलंय का कधी? मोहरीपेक्षाही बारीक. एका फळात अशा खूप बिया असतात, पण एकेका बीच्या अंगात साठवलेली शिदोरी जवळजवळ नसतेच. त्यामुळे हे बी गवतात किंवा दुसऱ्या झाडाच्या दाट सावलीत पडलं तर बहुधा वाया जातं. त्याला हवा उजेड आणि थोडी टिकून राहणारी ओल. रानात त्याला ही जागा मिळते एखाद्या मोहाच्या दुबेळक्यात किंवा ताडाच्या देठांच्या खोबणीत, जिथे पालापाचोळा कुजून मूठभर माती झालेली असते. घाटांचा दगड चुनारच्या डोंगरातला, म्हणजे विंध्याचाच वालुकाश्म. त्याचे सांधे चुन्याचे. सांध्यात धूळ साठते आणि पावसाचं पाणी मुरतं. पक्ष्याच्या लेखी देवळाची भिंत म्हणजे एक कडाच. तो तिथे बसतो, विष्ठा टाकतो आणि उडून जातो. गर पचलेला, बी मोकळं झालेलं, वर खताचा एक ठिपका. रानात हजारो वर्षं चालत आलेलं काम तो शहरात तसंच करत राहतो.

वडवर्गातल्या झाडांचं आणखी एक वैशिष्ट्य आहे, आणि पक्ष्यांचं सगळं जगणं त्यावर टेकलेलं आहे. आंबा, जांभूळ, करवंद यांचा एक हंगाम असतो. तो संपला की संपला. वड, पिंपळ, उंबर, पायर यांचं तसं नाही. त्यांच्या फुलांचं परागण बारीक गांधीलमाश्या करतात आणि झाडाच्या प्रत्येक जातीची माशी साधारणपणे वेगळी असते. या माश्यांचं आयुष्य अगदी थोड्या दिवसांचं. त्यांची पिढी तुटू नये म्हणून परिसरातलं त्याच जातीचं कोणतं ना कोणतं झाड सतत फळावर असावं लागतं. याचा फायदा पक्ष्यांना मिळतो. बाकी सगळं रान रिकामं असताना एखादा वड लगडलेला असतो आणि त्याच्यावर अख्ख्या टापूतले फळखाऊ पक्षी जगून निघतात. म्हणून जंगलात वडवर्गातलं एक मोठं झाड गेलं तर हानी एका झाडाची मोजून चालत नाही.

आमच्या गच्चीसमोर एक जुना पिंपळ आहे. तो पिकला की पहाटे आधी तांबट येतो. चिमणीएवढा, हिरवा, कपाळावर आणि गळ्याखाली लाल. उन्हाळाभर तांब्याच्या भांड्यावर ठोके घातल्यासारखा आवाज करणारा. फळ अख्खं गिळतो आणि थोड्या वेळाने दुसऱ्या झाडावर जाऊन बसतो. बी त्याच्या पोटात बहुधा तासाभराच्या वर राहत नाही, पण तेवढ्यात तो मूळ झाडापासून बराच लांब गेलेला असतो. पाठोपाठ साळुंक्या भांडत येतात, लालबुड्या बुलबुल जोडीने येतात, कोकिळेची ठिपकेदार मादी गुपचूप पानाआड खात बसते. आणि मग हरियालांचा थवा उतरतो.

महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल इथे काशीतही आहे, हे माहेरच्या माणसांना सांगताना मला फार बरं वाटतं. इथे त्याला हारिल म्हणतात आणि तो पायात काडी धरूनच उडतो, जमिनीला पाय लावत नाही, अशी लोकांची श्रद्धा आहे. पिवळे पाय, हिरवट पिवळं अंग, खांद्याजवळ फिकट जांभळी छटा. पानांत बसला की दिसत नाही, म्हणून एक उडाला की आपण दचकतो, कारण पाठोपाठ वीस उडतात. हा पूर्णपणे झाडावर आणि मुख्यतः वड-पिंपळांवर जगणारा पक्षी. पण पेरणारा म्हणून त्याचं नाव तांबटाच्या खाली घ्यावं लागतं. हरियाल कबुतराच्या कुळातला. त्याची पेषणी, म्हणजे पोटातली ती जाड स्नायूंची पिशवी, दाणा दळून काढते. त्यामुळे त्याने खाल्लेल्या फळातल्या बऱ्याच बियांचं पीठ होतं आणि थोड्याच साबूत बाहेर पडतात. फळ खाणारा प्रत्येक पक्षी झाड लावतोच असं नाही. पोपट तर कच्च्या बियाच फोडून खातात. पक्षी म्हणजे निसर्गाचा माळी हे वाक्य शाळेच्या भिंतीवर लिहायला ठीक आहे. कोणत्या पक्ष्याचं पोट कसं आहे हे कळल्याशिवाय कोणतं रान कुणाच्या जिवावर उभं आहे हे कळत नाही.

मोठ्या बियांना मोठ्या चोचीचा पक्षी लागतो. इथे ते काम राखी धनेशाचं. मालवीयजींनी 1916 साली स्थापन केलेल्या काशी हिंदू विश्वविद्यालयाचं आवार सुमारे तेराशे एकरांचं आहे. तिथल्या जुन्या झाडांमधून धनेश सहज दिसतो: घारीएवढा, राखाडी, लांब शेपटीचा, चोचीवर छोटंसं शिंग. पंख चार वेळा मारायचे, मग तरंगायचं, असं त्याचं उडणं. बिट्टीची म्हणजे पिवळ्या कण्हेरीची फळं, जी माणसाला आणि गुरांना विषारी, ती हा खातो.

धनेशाचा संसार मला प्रत्येक वेळी थक्क करतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार बंद करून घेते. नराने आणून दिलेली माती आणि स्वतःची विष्ठा यांचं लिंपण करून ती फक्त एक उभी फट ठेवते. आत अंडी घालते, उबवते आणि त्याच काळात उडण्याची पिसं गाळून टाकते. आता ती उडू शकत नाही. बाहेरून नर दिवसभर फळं, किडे, एखादा सरडा आणत राहतो आणि फटीतून चोचीने भरवतो. तिची नवी पिसं येईतो पिल्लंही मोठी होत आलेली असतात. एवढ्या आठवड्यांत नर मेला तर आतलं सगळं कुटुंब संकटात. राजू कसंबे यांनी नागपूर परिसरात या पक्ष्याच्या विणीचा बारकाईने अभ्यास केला. मराठी वाचकांनी त्यांचं लेखन शोधून वाचावं. भरवस्तीतल्या जुन्या झाडांवरही धनेश संसार करतो, पण त्याची एक अट असते: ढोली हवी.

ढोली धनेशाला स्वतःला खोदता येत नाही. झाडाची फांदी मोडून, कुजून ती होते किंवा दुसऱ्या कुणी तरी खोदून ठेवलेली असते. खोदणारे दोनच, सुतार आणि तांबट. सोनपाठी सुतार वाळक्या खोडात घर करतो, तांबट वाळलेल्या फांदीच्या खालच्या बाजूला वाटोळं भोक पाडतो. एक हंगाम राहून ते निघून जातात आणि रांगेत उभे असलेले भाडेकरू आत येतात. दयाळ, साळुंकी, पोपट, पिंगळा. धनेशाला, मोठ्या घुबडांना त्याहून मोठी, जुनी, काळाने केलेली ढोली लागते, जी पन्नास-साठ वर्षांच्या झाडाखेरीज कुठे मिळत नाही. म्हणून जंगलात मेलेलं झाड हे मेलेलं नसतं. त्याच्या खोडात किडे असतात, किड्यांसाठी सुतार येतो, सुताराच्या घरात पिंगळा येतो आणि पिंगळा रात्रभर उंदीर आणि किडे खातो.

आपण मात्र वाळकी फांदी दिसली की आधी कुऱ्हाड काढतो. इथल्याच एका आवारात ढोल्यांनी भरलेला जुना शिरीष वाळला म्हणून पाडला आणि त्या जागी शोभेचे पाम ओळीने लावले. झाडं संख्येने वाढली, कागदावर हिरवाई वाढली. पक्ष्यांच्या दृष्टीने एक अख्खी चाळ पाडून तिथे दिव्यांचे खांब उभारले. रस्त्यावर, शाळेवर कोसळेल असं झाड काढलंच पाहिजे, त्याबद्दल माझा वाद नाही. पण बागेच्या कोपऱ्यातलं, कुणाच्या डोक्यावर नसलेलं वाळकं खोड उभं राहू द्यायला काय हरकत आहे? निदान फाल्गुनापासून आषाढापर्यंत, विणीच्या दिवसांत, तरी त्याला हात लावू नये.

ढोलीवाचून अडणारा आणखी एक पक्षी म्हणजे नीलपंख, इथला नीलकंठ. विजयादशमीला त्याचं दर्शन शुभ मानतात. आपण त्या दिवशी आपट्याची पानं वाटतो, इथे लोक आभाळाकडे बघत नीलकंठ शोधतात. सुंदर प्रथा आहे. पण तो आभाळात सापडेना म्हणून उत्तरेत अनेक ठिकाणी पकडलेला नीलकंठ पिंजऱ्यात घालून दारोदार आणतात आणि दर्शनाचे पैसे घेतात. भारतीय पक्षी पकडणं, विकणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शंकराचं रूप म्हणून ज्याला नमस्कार करायचा त्याला पिंजऱ्यात बघून कसलं पुण्य लागणार? देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेला, 2023 साली आलेला अहवाल सांगतो की ज्या 338 जातींचा दीर्घकालीन कल काढता आला त्यांतल्या 204 घटल्या आहेत. नीलपंख हा आपल्या डोळ्यांदेखत घटत चाललेल्या पक्ष्यांपैकी आहे.

हे सगळं शहरातलं झालं. खरं रान बघायचं तर गंगा ओलांडून दक्षिणेला जावं लागतं. शहरापासून साधारण सत्तर किलोमीटरवर, विंध्याच्या पायथ्याशी, चंद्रप्रभा अभयारण्य आहे. आज ते चंदौली जिल्ह्यात येतं. 1997 साली चंदौली वेगळा होईपर्यंत ते वाराणसी जिल्ह्यातच होतं. 78 चौरस किलोमीटरचं हे पानगळीचं जंगल. मोह, तेंदू, पळस, खैर, बेल, चार, बोर. राजदरी आणि देवदरी हे दोन धबधबे पाहायला पावसाळ्यात बनारसहून झुंबड उडते. 1957 साली इथे गीरहून एक सिंह आणि दोन सिंहिणी आणून सोडल्या. सिंहांचं दुसरं घर व्हावं, हा चांगला हेतू होता. 1965 पर्यंत त्यांची संख्या अकरावर गेली आणि नंतर ते सगळे नाहीसे झाले. त्या सिंहांची गोष्ट इथे अजून सांगतात. पण या साठ-सत्तर वर्षांत हे जंगल जे काही टिकलं, तोडीनंतर पुन्हा जे काही उगवलं, त्यात ज्यांचा हात होता त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही.

होळीच्या आधी तिथे जावं. पळस पेटलेला असतो. प्रत्येक फुलाशी जांभळा शिंजीर लोंबकळत असतो. पळसाच्या फुलाची रचनाच अशी की मधापर्यंत चोच घालणाऱ्याच्या अंगाला पराग लागावा. हा बोटाएवढा पक्षी पळसाचा मुख्य परागवाहक आहे. तो नसता तर पळसाला शेंगा फार कमी धरल्या असत्या. तिथेच बांडगुळावर फुलटोच्या दिसतो, शिंजिराहूनही लहान. बांडगुळाचं बी चिकट असतं; ते खाली पडत नाही, म्हणून फुलटोच्या ते फांदीला घासून सोडवतो आणि तिथेच नवं बांडगूळ रुजतं. बांडगूळ म्हणजे परोपजीवी, म्हणजे वाईट, असं आपण शिकतो. पण त्याची फुलं आणि फळं खाणाऱ्यांची यादी काढली तर रानात त्यालाही जागा आहे हे पटतं.

चाराची फळं, ज्यांच्या बियांतून आपली चारोळी निघते, उन्हाळ्यात पिकतात आणि बुलबुलांपासून धनेशापर्यंत सगळे त्यांच्यावर येतात. त्याच सुमाराला हळद्या येतो. महाराष्ट्रात तो मुख्यतः हिवाळ्यात भेटायचा, इकडे तो उन्हाळ्यात येऊन घरटं बांधतो. मृगाच्या आगेमागे नवरंग येतो आणि झुडपांच्या सावलीत पालापाचोळा उलथून गांडुळं, किडे टिपतो. सातभाई तर वर्षभर तेच करतात. या उकराउकरीने पाला मोकळा होतो, कुजायला मदत होते, बी मातीला लागतं. हिवाळ्यात निरनिराळ्या जातींचे कीटकभक्षी पक्षी एकत्र फिरतात: खाली सातभाई, खोडावर सुतार, शेंड्यात निखार आणि वर पहाऱ्याला कोतवाल. एकाने उडवलेला किडा दुसरा पकडतो, ससाणा दिसला की कोतवाल ओरडतो. पानं खाणाऱ्या अळ्यांवर असा चारही बाजूंनी छापा पडतो, आणि हे जंगल कुणीही औषध न फवारता उभं राहतं.

या पक्ष्यांची मराठी नावं मला मारुती चितमपल्लींच्या 'पक्षीकोशा'तून मिळाली. इथे वाटाड्या हिंदीत नाव सांगतो, मी मनात मराठीत म्हणते.

विंध्यातलं हे रान आणि शहर यांच्या मध्ये शेतं आहेत, विटांच्या भट्ट्या आहेत, वाढत जाणारे रस्ते आहेत. विश्वविद्यालयाचं आवार, वरुणेच्या संगमाजवळचा राजघाटचा हिरवा पट्टा, सारनाथच्या बागा, छावणीतली जुनी झाडं ही या दोहोंना जोडणारी बेटं आहेत. काशीला पुराणांत आनंदवन म्हटलंय, समर्थांमुळे ते नाव आपल्या कानात बसलं आहे. त्या वनाचा आता जो काही अंश उरला असेल तो या बेटांवर आहे आणि एका बेटावरचं बी दुसऱ्या बेटावर नेणारं वाहन म्हणजे पक्षी. बेटं कमी झाली, त्यांतलं अंतर वाढलं, की आधी धनेशासारखे मोठे फळखाऊ जातात, मग त्यांच्यावर अवलंबून असलेल्या मोठ्या बियांच्या झाडांना नवी रोपं फुटेनाशी होतात. म्हातारी झाडं उभी असतात म्हणून काही बिघडलंय असं वाटत नाही. कळतं तेव्हा एक पिढी उलटून गेलेली असते.

काशीयात्रेला येणाऱ्या मराठी माणसांना माझं सांगणं आहे. एक दिवस जास्त काढा आणि चंद्रप्रभेला जा, माघ-फाल्गुन उत्तम. घाटावर पक्ष्याचा पिंजरा समोर आला, मग तो सोडवून पुण्य घ्या म्हणून असो की दर्शनासाठी, पैसे देऊ नका. तुम्ही सोडवलेल्या पक्ष्याच्या जागी उद्या दुसरा पकडला जातो. आणि आपापल्या गावी गेल्यावर पाहा, देवळाच्या किंवा शाळेच्या मोकळ्या जागेत वड, उंबर, पायर यांना जागा मिळते का. भिंतीतला पिंपळ काढावा लागला तर मुळासकट अलगद काढून मोकळ्या मातीत लावा. लहान असेल तर तो सहसा जगतो. दर फेब्रुवारीत चार दिवस देशभर घरापरसातल्या पक्ष्यांची गणना होते. पंधरा मिनिटं एका जागी उभं राहून दिसलेले पक्षी मोजायचे आणि ईबर्ड या संकेतस्थळावर नोंदवायचे, एवढंच काम. त्याला पक्षीतज्ज्ञ असावं लागत नाही. पुढच्या गणनेत तुमच्या गल्लीतलं एक जुनं झाड तेवढं घ्या, आणि त्याच्यावर तांबट आहे की नाही ते नक्की लिहा.